नॉर्मन मॅक्लॅरेन : हात, यंत्र आणि चित्रपट्टी

सचेतनपट, म्हणजे ज्याला आपण सर्वसाधारणपणे कार्टून फिल्म म्हणतो तो चित्रपटप्रकार, चर्चेला आला की हाताने काढलेली चित्रे श्रेष्ठ की संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केलेली, हा प्रश्न हटकून उपस्थित होतो. संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, ‘टॉय स्टोरी’, १९९५ मध्ये प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून या प्रश्नाला जणू पक्षनिष्ठेचे स्वरूप आले. एका बाजूला हस्तकौशल्याचा ऱ्हास झाला म्हणून हळहळणारे आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने कलावंताची वेठबिगारीतून सुटका केली म्हणून आनंदणारे, असे दोन तट पडले. दोन्ही तटांतील मंडळी आपल्या समर्थनार्थ ज्याचे नाव सारख्याच हक्काने घेऊ शकतील असा एक कलावंत विसाव्या शतकात होऊन गेला. कॅमेऱ्यालाही फाटा देऊन थेट चित्रपट्टीवर चित्रे काढणारा, आणि तरीही यंत्राची भीती वा घृणा आयुष्यात कधी न बाळगणारा हा माणूस म्हणजे नॉर्मन मॅक्लॅरेन. त्याचे चरित्र पाहू लागले की हा वाद मुळातच चुकीच्या जागी मांडला गेला आहे की काय, अशी शंका येऊ लागते.

मॅक्लॅरेनचा जन्म ११ एप्रिल १९१४ रोजी स्कॉटलंडमधील स्टर्लिंग या गावी झाला. वडिलांचा व्यवसाय घरांच्या रंगकामाचा व सजावटीचा. १९३२ मध्ये तो ग्लासगोच्या कलाशाळेत दाखल झाला. याच सुमारास रशियन दिग्दर्शकांचे चित्रपट, विशेषतः आयझेनस्टाइन व पुडोव्हकिन यांचे, त्याच्या पाहण्यात आले आणि स्थिर चित्रकलेवरचे त्याचे मन उडाले. पुढे ऑस्कर फिशिंगर या जर्मन कलावंताचा, संगीताच्या तालावर केवळ आकृती नाचवणारा एक लघुपट त्याने पाहिला. संगीत ऐकताना डोळ्यांपुढे हलत्या आकृती उभ्या राहण्याची त्याला सवय होतीच. त्या पडद्यावर आणता येतात, हे आता कळले.

परंतु हाताशी साधने कोणती? चित्रे एकेक करून टिपणारा कॅमेरा त्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याने जुनी, वापरून झालेली चित्रपट्टी मिळवली, ती पाण्यात भिजत घालून तिच्यावरील रासायनिक लेप घासघासून काढला आणि उरलेल्या पारदर्शक पट्टीवर रंगीत शाईने थेट चित्रे काढण्यास आरंभ केला. या पद्धतीचा शोध आपणच लावला असे त्याला काही काळ वाटत होते. लवकरच, १९३५ मध्ये, लेन लाय या न्यूझीलंडहून आलेल्या कलावंताने ब्रिटिश टपाल खात्यासाठी याच रीतीने केलेला ‘ए कलर बॉक्स’ हा लघुपट त्याने पाहिला. एखादा अहंकारी तरुण यामुळे खट्टू झाला असता. मॅक्लॅरेनला उलट आपली वाट बरोबर असल्याचा दिलासा मिळाला.

येथे थोडे थांबून या कामाचे स्वरूप ध्यानात घेणे इष्ट आहे. पस्तीस मिलिमीटर पट्टीवरील चौकट ही सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटापेक्षाही लहान. पडद्यावर एका सेकंदाला अशा २४ चौकटी सरकतात. म्हणजे एका मिनिटाला १,४४० चौकटी आणि ९० फूट पट्टी. कॅमेऱ्याने काम करणारा चित्रकार आपले चित्र हवे तेवढे मोठे काढू शकतो, खाली आधीचे चित्र ठेवून त्यावर पारदर्शक सेल्युलॉइड टाकून बाह्यरेषा मिळवून घेऊ शकतो. थेट पट्टीवर काढणाऱ्याला यांतले काहीच उपलब्ध नाही. रेषा केसभर सरकली तर पडद्यावर ती हातभर उडी मारते. पुढे कॅनडात मॅक्लॅरेनने यावर जो उपाय काढला तो मोठा मार्मिक आहे. पट्टीच्या कडेच्या छिद्रांत दात अडकवून ती नेमकी एकेक चौकट पुढे सरकवणारी एक चौकट-पेटी त्याने तयार करून घेतली आणि नुकत्याच काढलेल्या चित्राचे प्रतिबिंब पुढच्या कोऱ्या चौकटीवर पडेल अशी आरशांची योजना केली. कॅमेऱ्याला सुट्टी देणारा हा कलावंत यंत्राशिवाय काम करीत होता, ही समजूत एवढ्यावरूनच दूर व्हावी. आपला हात आणि पट्टी यांच्यामध्ये कोणते यंत्र येऊ द्यावे, याची निवड मात्र तो स्वतः करीत होता.

ग्लासगोतील त्याचे विद्यार्थीदशेतील चित्रपट जॉन ग्रिअर्सन या अनुबोधपटांच्या प्रवर्तकाच्या नजरेस आले आणि १९३६ मध्ये मॅक्लॅरेन लंडनला टपाल खात्याच्या चित्रपट विभागात रुजू झाला. त्याच वर्षी हेलन बिगर या शिल्पकर्तीच्या साहाय्याने त्याने ‘हेल अनलिमिटेड’ हा शस्त्रास्त्रांच्या व्यापारावर जळजळीत टीका करणारा लघुपट केला होता. लगोलग कॅमेरामन म्हणून तो स्पेनच्या यादवी युद्धात गेला, माद्रिदच्या संरक्षणावरील अनुबोधपटासाठी. तेथे जे पाहिले त्याने त्याच्या मनाला कायमची जखम केली. युरोपात दुसरे युद्ध पेटताच, १९३९ मध्ये, तो न्यूयॉर्कला निघून गेला. त्याची ही कृती पलायनाची होती असे म्हणणारे म्हणोत. स्पेनमधील दृश्यांची पुन्हा एकदा चित्रे घेण्याची त्याची मानसिक तयारी नव्हती, एवढे खरे.

न्यूयॉर्कमधील दोन वर्षे ओढगस्तीची होती, पण प्रयोगाच्या दृष्टीने ती फुकट गेली नाहीत. १९४० मधील ‘डॉट्स’ आणि ‘लूप्स’ या चिमुकल्या चित्रपटांत त्याने चित्राबरोबर ध्वनीही हातानेच काढला. बोलपटाच्या पट्टीवर चित्रांच्या कडेला ध्वनीचा एक अरुंद पट्टा असतो. त्यावरील काळ्या-पांढऱ्या रेघांतून प्रकाश जातो व त्याच्या कमीजास्तपणाचे आवाजात रूपांतर होते. या पट्ट्यावर पेनने ठिपके व रेघा काढल्या तर वाद्य, वादक किंवा ध्वनिग्राहक यांच्यावाचून नाद उमटतो. रेघा जितक्या दाट तितका स्वर उंच. आकृती मोठी केली की आवाज मोठा. पुढे कॅनडात एव्हलिन लॅम्बर्ट या सहकारिणीच्या मदतीने त्याने प्रत्येक अर्धस्वरासाठी रेघांची एकेक पट्टी, अशी कित्येक सप्तकांची एक पेटीच बनवली. संगीतकार हार्मोनियमची पट्टी दाबतो, हा रेघांची पट्टी कॅमेऱ्याखाली ठेवी. आज संगणकावर स्वररचना करणाऱ्याला यात आपला पूर्वज दिसेल. लॅम्बर्ट हिला लहानपणापासून ऐकू कमी येत असे, हा तपशील मला फार बोलका वाटतो. नाद ही पाहण्याची वस्तू आहे, हे तिला निराळे समजावून द्यावे लागले नसणार.

१९४१ मध्ये ग्रिअर्सनने त्याला पुन्हा बोलावून घेतले. या वेळी कॅनडात, ओटावा येथे नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात. सरकारी नोकरी म्हणजे कलेचा मृत्यू, हे आपल्याकडे गृहीत धरले जाते. मॅक्लॅरेनने ती नोकरी ४३ वर्षे केली. युद्धकाळात त्याच्याकडे आलेली कामे रुक्षच होती. युद्ध-रोखे विकत घ्या, महागाईला हातभार लावू नका, गुप्त गोष्टी बडबडू नका, असल्या सूचना त्याला पडद्यावर द्यावयाच्या होत्या. त्या त्याने नाचणाऱ्या कोंबडीकडून (‘हेन हॉप’, १९४२) आणि नाचणाऱ्या डॉलरच्या चिन्हाकडून (‘डॉलर डान्स’, १९४३) दिल्या. सूचना आज कोणाच्या लक्षातही नाहीत. कोंबडी मात्र अजून ताजी आहे. याच काळात त्याने तरुण चित्रकार जमवून मंडळाचा सचेतनपट विभाग उभारला. जॉर्ज डनिंग, ग्रँट मनरो, रने झोदवँ ही त्यांतील काही नावे.

हॉलिवुडमधील मोठ्या स्टुडिओंची रीत याच्या अगदी उलट होती. तेथे निष्णात चित्रकार हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था तेवढ्या काढी, मधली चित्रे भरणे हे साहाय्यकांचे काम, आणि त्या हजारो चित्रांच्या रेषा सेल्युलॉइडवर गिरवून रंग भरण्याचे काम, बहुधा स्त्रियांचे, त्याहून खालच्या पायरीचे. हाताने काढलेला सचेतनपट म्हणून आज ज्याचा गौरव होतो, त्यातील बहुसंख्य हात असे निनावी होते आणि त्यांना स्वतःची रेषा काढण्याची मुभा नव्हती. हस्तकौशल्याच्या नावाने अश्रू ढाळताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. मॅक्लॅरेनला ही श्रमविभागणी मान्य नव्हती. एकट्याने वा दोघातिघांनी, कमीत कमी खर्चात, चित्र लिहिण्याइतके सोपे व्हावे, ही त्याची धडपड होती. ‘ला पूलेत ग्रीज’ (१९४७) मध्ये त्याने खडूने एकच चित्र काढले आणि ते थोडे पुसत, थोडे वाढवत, दर टप्प्यावर टिपत नेले. ‘बिगॉन डल केअर’ (१९४९) मध्ये तर त्याने व लॅम्बर्टने चौकटींच्या सीमारेषाच धुडकावल्या आणि ऑस्कर पीटरसनच्या जॅझ पियानोवादनाबरोबर फूटच्या फूट पट्टी सलग रंगवून काढली.

त्याच वर्षी युनेस्कोने त्याला चीनमध्ये पाठवले. सेचवान प्रांतातील पेहपेई या गावी स्थानिक चित्रकारांना आरोग्यशिक्षणासाठी स्वस्त चित्रसाधने तयार करण्यास शिकवणे, हे त्याचे काम होते. तो तेथे असतानाच क्रांतीचे सैन्य आले आणि सत्तापालट झाला. १९५० मध्ये तो परतला तो कोरियाचे युद्ध सुरू झाल्याची बातमी ऐकतच. ज्या लोकांत आपण नुकतेच राहून आलो त्यांना शत्रू म्हणवून घेणे त्याला जड गेले. या अस्वस्थतेतून ‘नेबर्स’ (१९५२) जन्माला आला. दोन शेजारी खुर्च्या टाकून सुखाने वर्तमानपत्र वाचत बसलेले. त्यांच्या हद्दीवर एक फूल उगवते. दोघांनाही त्याचा सुगंध मोहवतो, मग ते कोणाचे यावरून कुरबुर, मग कुंपण, मग हाणामारी, आणि शेवटी दोघांच्या कबरी. यात चित्रकाराची एकही रेषा नाही. खऱ्या माणसांनाच मॅक्लॅरेनने बाहुल्यांप्रमाणे एकेक चौकट हलवले. माणसे उडी मारून हवेत असताना चौकट टिपली की ती जमिनीला न टेकता तरंगताना दिसतात. एकेक चौकट टिपण्याची ही किमया आपल्याला परकी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ याच युक्तीने पडद्यावर दाखवली होती. फाळक्यांनी काळ आखडून घेतला, मॅक्लॅरेनने माणसाचे वजन काढून घेतले.

‘नेबर्स’ला १९५३ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेही गमतीची गोष्ट म्हणजे लघु-अनुबोधपटाच्या गटात. मात्र चित्रपटातील एक प्रसंग अनेकांना सोसवला नाही. भांडण शिगेला पोचल्यावर दोघेही एकमेकांच्या बायकोला व तान्ह्या मुलाला ठार करतात. वितरकांच्या आग्रहामुळे मॅक्लॅरेनने तो प्रसंग काढून टाकला. ही त्याच्या हातून झालेली तडजोड होती आणि तिचा बचाव करण्याचे मला कारण दिसत नाही. पुढे व्हिएतनामच्या युद्धात खरोखरीच मारल्या गेलेल्या बायकामुलांची छायाचित्रे घरोघर पोचली, लोकमत पालटले, तेव्हा तो प्रसंग चित्रपटात परत घालण्यात आला. आपले सारे चित्रपट नष्ट होऊन एकच राहावयाचा असेल तर तो हा असावा, असे मॅक्लॅरेनला वाटे. रेषेवर आयुष्य वाहिलेल्या माणसाने आपल्या पश्चात उरण्यासाठी जिच्यात रेषाच नाही अशी कृती निवडावी, याला अर्थ आहे.

युनेस्कोच्या अशाच कामासाठी १९५३ मध्ये तो भारतातही येऊन गेला. तथापि भारताशी त्याचा कलेच्या पातळीवरील संबंध आला तो १९५७ मध्ये. ‘ए चेअरी टेल’ या चित्रपटात एक तरुण खुर्चीवर बसू पाहतो आणि खुर्ची त्याला बसू देत नाही. आधी तू मला तुझ्यावर बसू दे, असा तिचा हट्ट. क्लोद जुत्रा हा तरुणाच्या भूमिकेत, खुर्ची दोरांनी हलवणारी लॅम्बर्ट, आणि पार्श्वसंगीत पंडित रविशंकरांचे, चतुरलाल यांच्या तबल्यासह. संवाद मुळीच नाहीत. खुर्चीचा रुसवा, तिची लगट, तिचे माघार घेणे हे सारे सतार आणि तबला बोलून दाखवतात. आपल्या रसिकांनी हा दहा मिनिटांचा चित्रपट जुगलबंदी म्हणून पाहावा. वाद्य आणि वस्तू यांची इतकी समान पातळीवरची संगत अन्यत्र क्वचितच आढळेल.

याच्या दोनच वर्षे आधी, १९५५ मध्ये, ‘ब्लिंकिटी ब्लँक’ला कान महोत्सवात लघुपटाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. या वेळी पट्टी पारदर्शक नव्हती, संपूर्ण काळी होती, आणि मॅक्लॅरेनने तिच्यावर सुई, चाकू व पाते यांनी आकृती कोरल्या. लेखणीने काढायचे तेथे ओरखडायचे, एवढाच फरक नव्हे. बहुतेक चौकटी त्याने काळ्याच ठेवल्या आणि मधूनच एखाददुसरी कोरली. अंधारात क्षणभर लकाकलेली आकृती डोळा धरून ठेवतो व पुढच्या लकाकीशी जोडतो. चित्रपट अर्धाअधिक प्रेक्षकाच्या डोळ्यातच तयार होतो. मॅक्लॅरेनच्या साऱ्या विचाराचे मर्म येथे सापडते. त्याच्या मते सचेतनपट ही चित्रांची कला नव्हेच. एका चौकटीत काय आहे याला दुय्यम महत्त्व. या चौकटीत आणि पुढच्या चौकटीत काय बदलले, त्या न दिसणाऱ्या फटीत काय घडले, तिची मांडणी म्हणजे ही कला.

हे एकदा मानले की हात की यंत्र या वादाची धार बोथट होते. मॅक्लॅरेनने तर १९५१ मध्येच, संगणकाचा कलेशी संबंध जोडण्याची कल्पनाही फारशी कोणाला नसताना, ‘अराउंड इज अराउंड’ या त्रिमितीय लघुपटासाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विजेने उमटणाऱ्या वेटोळ्या आकृती वापरल्या होत्या. आणि ‘लाइन्स’ मालिकेबद्दल काय म्हणावे! ‘लाइन्स व्हर्टिकल’ (१९६०) मध्ये पट्टीच्या लांबीभर कोरलेल्या रेषा आहेत; पडद्यावर त्या उभ्या रेषा होऊन डावीउजवीकडे सरकतात, एकमेकींना ओलांडतात. दोन वर्षांनी त्याच चित्रपटाची प्रत्येक चौकट काटकोनात फिरवून ‘लाइन्स हॉरिझॉंटल’ तयार झाला. संगीत पीट सीगरचे. तीच गती, पण उभ्या रेषा नर्तकांसारख्या भासतात आणि आडव्या झाल्या की क्षितिज, लाटा, गुरुत्वाकर्षण यांची आठवण होते. मग १९६५ मध्ये या दोन्हींतील रेषा जेथे जेथे छेदतात ते बिंदूच तेवढे ठेवून ‘मोझेइक’ झाला. संगणकाला द्यावयाची आज्ञावली यापेक्षा काय निराळी असते? पण ती येथे पाते, पट्टी आणि ऑप्टिकल प्रिंटर यांनी अंमलात आणली आहे. १९६८ च्या ‘पा द दो’ मध्ये हाच प्रिंटर वापरून त्याने दोन बॅले नर्तकांची एकेक आकृती अकरापर्यंत वेळा मुद्रित केली. नर्तकी पुढे जाते आणि तिच्या गेल्या क्षणांचा पंखा तिच्यामागे उलगडत राहतो. सौंदर्यात हा त्याचा सर्वश्रेष्ठ चित्रपट. मला स्वतःला तो किंचित अतिगोड वाटतो, परंतु हे माझे मत अल्पमतात आहे याची जाणीव आहे.

संगणक त्याच्या दारात आला तो याच सुमारास. ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नेस्टर बर्टनिक या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये एका परिषदेत डिस्नेच्या चित्रकाराकडून मुख्य चित्रे व मधली चित्रे यांची पद्धत ऐकली आणि मधली चित्रे संगणकाने का भरू नयेत, असा प्रश्न त्याला पडला. मार्सेली व्हाईन या सहकाऱ्याबरोबर त्याने ती प्रणाली सिद्ध केली. चित्रपट मंडळाच्या वतीने तिचा उपयोग करण्यासाठी आलेला कलावंत होता पीटर फोल्डेश. हा मूळचा बुडापेस्टचा. निर्माता होता तोच रने झोदवँ, जो कधीकाळी मॅक्लॅरेनच्या हाताखाली तयार झाला होता. १९७४ मधील ‘ला फँ’, म्हणजे ‘भूक’, या चित्रपटात एक माणूस खात जातो, फुगत जातो आणि अखेर भुकेल्यांची झुंड त्यालाच खाऊन टाकते. फोल्डेशने मुख्य चित्रे हातानेच काढली. एका रेषाकृतीतून दुसरीत जाण्याचा प्रवास यंत्राने केला. यंत्राची ती मधली चित्रे काहीशी रबरी, एकसारख्या वेगाने ओघळणारी आहेत. दुसऱ्या एखाद्या विषयात तो दोष ठरला असता. खादाडपणाने आकार हरवत चाललेल्या देहाला मात्र तोच ओघळ शोभून दिसला. फोल्डेशचे डोके यात दिसते.

मॅक्लॅरेन स्वतः संगणकाकडे वळला नाही. परंतु ग्रँट मनरोबरोबर त्याने १९७६ ते १९७८ या काळात ‘ॲनिमेटेड मोशन’ हे पाच भागांचे पाठ चित्रित केले. त्यांत एक साधी चकती स्थिर वेगाने, वाढत्या वेगाने, मंदावत, थांबून, आणि अनियमितपणे हलवून तो प्रत्येक गतीचा मनावर होणारा परिणाम दाखवतो. सारखा वेग निर्जीव वाटतो. सुटताना सावकाश आणि थांबताना सावकाश असेल तर तीच चकती जिवंत होते. संगणकावर काम करणारा आजचा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हेच शिकतो. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून कॅनडात गेलेल्या ईशू पटेल यांनी मॅक्लॅरेनच्याच मंडळात काचेचे मणी कॅमेऱ्याखाली बोटांनी सरकवत ‘बीड गेम’ केला. त्याला ऑस्करसाठी नामांकन मिळाले. एकाच मंडळात, तीन वर्षांच्या अंतराने, एक चित्रपट संगणकाने झाला आणि एक मण्यांनी. दोहोंपैकी कोणता पुढारलेला, असा प्रश्न तेथे कोणाला पडला नसावा.

‘नार्सिसस’ (१९८३) हा त्याचा अखेरचा चित्रपट. स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक तरुणाची ही नृत्यकथा त्याच्या मनात अनेक वर्षे घोळत होती. ‘पा द दो’ची उंची तिला गाठता आली नाही, पण मॅक्लॅरेनच्या कृतींत ती सर्वांत खाजगी आहे. १९८४ मध्ये तो निवृत्त झाला. २७ जानेवारी १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे त्याचे निधन झाले. त्याचा आयुष्यभराचा सहचर गाय ग्लोव्हर, जो त्याच्याबरोबर न्यूयॉर्कला आला होता आणि चित्रपट मंडळात निर्माता म्हणून त्याच्यासोबत राबला, तो पुढच्याच वर्षी गेला. २००९ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात ‘नेबर्स’ची नोंद केली, आणि मंडळाकडे मॅक्लॅरेनच्या चित्रपटांबरोबरच प्रत्येक चित्रपट कसा केला याची त्याने स्वहस्ते लिहून ठेवलेली तांत्रिक टिपणेही जपलेली आहेत, कोणती शाई, कोणती लेखणी, किती चौकटी, आणि कोठे फसले, हे सारे त्यांत आहे.